पापनिवेदनाचे गुपित आणि लेकरांचे रक्षण



पहिल्या कम्युनियनची तयारी करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांची सभा आपल्या चर्चच्या हॉलमध्ये झाली, तेव्हाची गोष्ट. मुलांना पापनिवेदन कसे शिकवावे हा विषय चालला होता. मागच्या रांगेतली एक माउली उभी राहिली आणि तिने विचारले, "माझ्या लेकराला कोणी वाईट हात लावला, आणि लेकराने ते कन्फेशनमध्ये फादरांना सांगितले, तर फादर आम्हाला सांगतील का? पोलिसांना कळवतील का?"

हॉलमध्ये शांतता पसरली. आम्ही धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारी मंडळी समोर बसलो होतो. आमच्यापैकी एकाने घाईघाईने उत्तर दिले, "कन्फेशनमधले फादर कोणालाच सांगत नाहीत." ती बाई "बरं" म्हणून खाली बसली आणि सभा पुढे सरकली.

घरी गेल्यावर आम्हाला चैन पडेना. दिलेले उत्तर खोटे नव्हते, पण ते अर्धेच होते. अर्धे उत्तर ऐकून कोणी समजेल, की फादरांना सांगून काही उपयोग नाही. दुसरा कोणी समजेल, की फादरांच्या कानावर गेले, आता आपले काम संपले. तिसरा, ज्याच्या मनात पाप आहे, तो समजेल की चर्चमध्ये सगळेच झाकले जाते. हे तिन्ही समज लेकरांच्या जिवावर उठणारे आहेत. म्हणून आम्ही ख्रिस्तसभेचे नियम आणि आपल्या देशाचा कायदा दोन्ही समोर ठेवून अभ्यास केला. त्या माउलीला द्यायचे राहिलेले उत्तर आज आपल्या सर्वांसमोर मांडत आहोत.

१. पापनिवेदनाचे गुपित म्हणजे काय?

आपण पापनिवेदन म्हणतो, बोलताना कन्फेशन म्हणतो. गोव्याकडचे आपले बांधव कुमसार म्हणतात. नाव कोणतेही असो, त्या ठिकाणी माणूस देवासमोर गुडघे टेकतो. समोर फादर बसलेले असले तरी क्षमा देवाची असते. म्हणून तिथे ऐकलेला शब्द फादरांच्या मालकीचा नसतो आणि तो दुसऱ्याला देण्याचा अधिकार त्यांना नसतो.

लॅटरनच्या चौथ्या महासभेने १२१५ साली प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे असे ठरवले. त्याच वेळी धर्मगुरूने शब्दाने, खुणेने किंवा इतर कोणत्याही रीतीने पाप सांगणाऱ्याला उघड करू नये, असेही बजावले. आजच्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्यात, कलम ९८३ आणि ९८४ मध्ये हाच नियम आहे. पापनिवेदनात कळलेल्या गोष्टीचा वापर त्या माणसाचे नुकसान होईल असा करण्यासही फादरांना मनाई आहे. एखादा वरिष्ठ कारभार पाहताना त्या माहितीवरून निर्णयही घेऊ शकत नाही. जो धर्मगुरू हे गुपित सरळ फोडतो, तो त्या कृत्यानेच ख्रिस्तसभेबाहेर पडतो आणि ती शिक्षा उठवण्याचा अधिकार फक्त पवित्र पीठाला आहे. शिक्षेचा हा भाग २०२१ साली सुधारलेल्या कायद्यातही कायम आहे.

या नियमासाठी धर्मगुरूंनी प्राण दिले आहेत. प्रागचे संत जॉन नेपोमुक यांना १३९३ साली नदीत बुडवून मारण्यात आले. राणीचे पापनिवेदन राजाला सांगण्यास त्यांनी नकार दिला म्हणून, असे परंपरा सांगते. मेक्सिकोमध्ये १९२७ साली फादर मातेओ कोरेया यांना कैद्यांचे पापनिवेदन उघड करण्यास सांगितले गेले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना गोळी घालण्यात आली. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

इतके मोठे बंधन असल्यामुळेच त्याची हद्द नीट समजून घेतली पाहिजे. ती तीन वाक्यांत सांगता येते.

पहिले: बंधन फादरांवर आहे, पाप सांगणाऱ्यावर नाही. पापनिवेदनाच्या वेळी दुभाष्या असेल किंवा चुकून कोणाच्या कानावर शब्द पडला असेल, तर त्यांनीही गुपित पाळायचे असते. पण जो स्वतः सांगतो, तो आपली गोष्ट बाहेर कोणालाही सांगायला मोकळा आहे. लेकरू आईला सांगू शकते, बाईंना सांगू शकते, पोलिसांना सांगू शकते.

दुसरे: हे बंधन फक्त संस्कारात, पापक्षमा मिळावी म्हणून सांगितलेल्या गोष्टीला आहे. चर्चच्या ऑफिसात, घर आशीर्वादाच्या वेळी, फोनवर किंवा चहा पिताना फादरांशी केलेले बोलणे म्हणजे पापनिवेदन नव्हे. "फादर, हे कन्फेशनच समजा," असे म्हटल्याने साधे बोलणे संस्कार होत नाही.

तिसरे: तीच गोष्ट फादरांना दुसऱ्या मार्गाने कळली, तर त्या मार्गाने कळलेल्या माहितीवर पाऊल उचलायला ते मोकळे आहेत.

२. आपल्या देशाचा कायदा काय सांगतो?

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण पोक्सो म्हणतो, २०१२ साली झाला आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला, बालदिनी, लागू झाला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा आणि मुलगी या कायद्याने बालक आहे. मुलग्यांवरही अत्याचार होतो, हे या कायद्याने स्पष्टपणे मान्य केले.

कलम १९ सांगते, की असा गुन्हा घडल्याचे ज्याला माहीत आहे किंवा तो घडण्याची ज्याला भीती वाटते, त्या कोणत्याही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला कळवले पाहिजे. 'कोणत्याही व्यक्तीने' या शब्दांत आई, मामा, शेजारी, शिक्षक, डॉक्टर, सिस्टर, फादर, बिशप सगळे आले. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. बालकाला मात्र न सांगितल्याबद्दल कोणतीही शिक्षा नाही.

धार्मिक किंवा शैक्षणिक संस्थेतल्या माणसाने त्याच संस्थेतल्या बालकावर अत्याचार केला, तर हा कायदा तो गुन्हा अधिक गंभीर मानतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा सर्वांत गंभीर गुन्ह्यांना किमान वीस वर्षांची सक्तमजुरी आहे.

मग पापनिवेदनाला कायद्यात काही सवलत आहे का? १८७२ च्या पुरावा कायद्यात वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला आणि पतिपत्नींमधील बोलण्याला संरक्षण होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यातही ते आहे. धर्मगुरूंपाशी केलेल्या पापनिवेदनासाठी असे वेगळे कलम जुन्या कायद्यात नव्हते आणि नव्यातही नाही. पोक्सोमध्येही धर्मगुरूंना सूट लिहिलेली नाही.

३. चार प्रसंग

नियम वाचून डोके जड होते. म्हणून चार प्रसंग डोळ्यांसमोर आणू या.

पहिला प्रसंग. एक शिक्षिका मिस्सानंतर फादरांना गाठते आणि म्हणते, "आपल्या बोर्डिंगमधल्या एका मुलाबद्दल मला शंका आहे." हे पापनिवेदन नाही. इथे गुपिताचा प्रश्नच येत नाही. फादरांनी पोलिसांना कळवले पाहिजे, आणि त्या शिक्षिकेनेही. "मी फादरांच्या कानावर घातले" असे म्हणून तिची जबाबदारी संपत नाही, कारण कायद्याने कर्तव्य प्रत्येकावर घातले आहे.

दुसरा प्रसंग. नऊ वर्षांची मुलगी पापनिवेदनाला येते आणि रडत म्हणते, "फादर, काकांनी माझ्याशी असे केले. माझे पाप झाले." फादरांनी पहिल्यांदा तिला सांगितले पाहिजे, "बाळा, यात तुझे पाप नाही. पाप त्याचे आहे." त्यानंतर, "हे तू आईला सांग, किंवा बाहेर येऊन मला पुन्हा सांग," असे तिला समजावले पाहिजे. पवित्र पीठाने २०१९ साली काढलेल्या पत्रात हे स्पष्ट केले आहे: अन्याय सोसलेली व्यक्ती पापनिवेदनाला आली, तर तिचे हक्क काय आहेत आणि ख्रिस्तसभेत व सरकारदरबारी तक्रार कशी करायची, हे धर्मगुरूने तिला सांगितले पाहिजे. मुलीने बाहेर येऊन पुन्हा सांगितले, की तो शब्द गुपितात राहत नाही. मग फादर तिच्या आईला बोलावू शकतात आणि पोलिसांना कळवू शकतात, नव्हे, कळवलेच पाहिजे.

परंतु मुलगी घाबरून गप्प राहिली तर? तर फादर आपणहून तिच्या आईलाही सांगू शकत नाहीत. आईवडिलांनी हे नीट ध्यानात घ्यावे. लेकरू कन्फेशनहून आले आणि म्हणाले, "फादर म्हणाले, आईशी बोल," तर हातातले काम ठेवा, जवळ बसा आणि ऐका. तो निरोप लहान समजू नका.

तिसरा प्रसंग. अत्याचार करणारा माणूसच पापनिवेदनाला येतो. इथे फादरांचे तोंड पूर्ण बंद आहे. 'आधी पोलिसांत जा, मग क्षमा देतो' अशी अटही त्यांना घालता येत नाही, असे त्याच २०१९ च्या पत्रात म्हटले आहे. म्हणजे क्षमा फुकट मिळते का? नाही. खरा पश्चात्ताप आणि पुन्हा तसे न करण्याचा ठाम निश्चय नसेल, तर पापक्षमा होतच नाही. जो मुलांच्या सहवासातून बाजूला व्हायला तयार नाही, त्याचा निश्चय खरा कसा मानावा? २०२० साली पवित्र पीठाने अशी प्रकरणे हाताळण्यासाठी काढलेली मार्गदर्शिका सांगते, की पापनिवेदनात असा गुन्हा कानावर आला तर तो माणूस ती गोष्ट संस्काराबाहेर उघड करील, यासाठी धर्मगुरूने त्याचे मन वळवण्याचा प्रयत्न करावा.

खरा पेच इथेच आहे आणि तो आम्ही लपवणार नाही. ख्रिस्तसभेचा कायदा फादरांना गप्प राहायला सांगतो, देशाच्या कायद्यात त्यासाठी सूट लिहिलेली नाही. गुपित पाळणाऱ्या धर्मगुरूला त्याचे परिणाम स्वतःच्या अंगावर घ्यावे लागतील. आणि त्या गप्प राहण्याची किंमत एखादे लेकरूही मोजत असेल, हे ओझे त्यांच्या उरावर राहील. या पेचाला सोपे उत्तर आहे असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

चौथा प्रसंग. पापनिवेदन ऐकणारा धर्मगुरूच त्या जागेचा गैरवापर करतो, लेकराशी घाणेरडे बोलतो. ख्रिस्तसभेच्या कायद्यात हा फार गंभीर अपराध आहे. असा माणूस लेकराला धाक घालील, "कन्फेशनमधले बाहेर सांगितलेस तर देव कोपेल." हे साफ खोटे आहे. बंधन त्याच्यावर आहे, लेकरावर नाही. हे एक वाक्य आपण मुलांना प्रार्थनेसारखे पाठ करून घेऊ या.

४. परदेशातला वाद

हा पेच फक्त आपल्यापुरता नाही. ऑस्ट्रेलियात संस्थांमधील बाल अत्याचारांची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने २०१७ साली अंतिम अहवाल दिला आणि कळवण्याच्या कर्तव्यातून पापनिवेदनाला सूट असू नये अशी शिफारस केली. त्यानंतर व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलँड यांसारख्या राज्यांनी तसे कायदे केले. तिथल्या बिशपांनी मुलांच्या रक्षणाला पाठिंबा दिला, पण गुपित फोडता येणार नाही असेही सांगितले. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २०२५ साली तसाच कायदा केला. बिशप न्यायालयात गेले. जुलैमध्ये न्यायालयाने पापनिवेदनापुरती त्याची अंमलबजावणी थांबवली आणि ऑक्टोबरमध्ये राज्यानेही तो आग्रह सोडला. मात्र पापनिवेदनाबाहेर कळलेले अत्याचार धर्मगुरूंनी कळवायचे, हे कर्तव्य कायम राहिले आणि त्याला बिशपांचाही विरोध नव्हता.

या वादात एक गोष्ट सहज विसरली जाते. भांडण आहे ते एका अरुंद पट्टीवर, संस्कारात सांगितलेल्या शब्दावर. त्या पट्टीबाहेरचे सगळे मैदान दोन्ही कायद्यांनी मोकळे ठेवले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली नियम काढला, की असा अत्याचार कळल्यास प्रत्येक धर्मगुरूने आणि व्रतस्थाने तो ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्याला कळवलाच पाहिजे, आणि त्यामुळे देशाच्या कायद्याने घातलेले कर्तव्य कमी होत नाही. २०२३ साली हा नियम कायमचा करण्यात आला. अशा खटल्यांवर पूर्वी असलेले 'पोपचे गुपित' डिसेंबर २०१९ मध्ये उठवण्यात आले. म्हणजे आता बिशपांच्या ऑफिसातील कागद सरकारला देण्याच्या आड ते गुपित येत नाही.

५. आपल्या महाराष्ट्रात काय घडले?

२०१५ साली मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका कॅथोलिक चर्चमध्ये तेरा वर्षांच्या मुलावर धर्मगुरूने अत्याचार केला. मुलाच्या घरचे आर्चबिशपांना भेटले आणि पोलिसांतही गेले. चर्चने स्वतः पोलिसांना का कळवले नाही, हा प्रश्न २०१९ साली जगभर विचारला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष पोक्सो न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप सुनावली. हे लिहिताना आम्हाला वेदना होतात, पण आपल्याच घरातले आपण लिहिले नाही, तर दुसऱ्यांचे लिहिण्याचा आपल्याला काय अधिकार?

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे २०१९ साली एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. मुलींच्या उपचारासाठी नेमलेल्या डॉक्टरला हे माहीत असूनही त्याने कळवले नाही, असा आरोप होता. त्याच्यावरील गुन्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला. माहीत असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असे न्यायालयाने सांगितले.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातील दोन मुलींवर अत्याचार झाले. शाळेने आणि पोलिसांनी लावलेल्या विलंबाने लोक इतके संतापले, की रेल्वेमार्गावर उतरले. वेळेवर न कळवल्याबद्दल शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर पोक्सोखाली गुन्हा नोंदवला गेला.

या तिन्ही ठिकाणी पाहा. मौन पापनिवेदनाच्या जाळीआड नव्हते. ते ऑफिसात होते, दवाखान्यात होते, शाळेच्या व्हरांड्यात होते. ज्या मौनाला ख्रिस्तसभेच्या कोणत्याही नियमाचा आधार नाही, त्या मौनाने ही लेकरे होरपळली.

६. आपल्या घरातले गुपित

आता स्वतःकडे वळू या. आपल्या धर्मप्रांतातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे जातात. लेकरे आजीकडे, मामाकडे किंवा बोर्डिंगात राहतात. शहरात वाळूजच्या आणि चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आईवडील दोघेही पाळीला जातात आणि मूल शेजारच्या घरी असते. याचा अर्थ आजी किंवा शेजारी वाईट, असा नाही. पण ज्या लेकराजवळ ऐकणारा कान नाही, ते लेकरू धोक्यात असते.

आणि लेकराने सांगितले, तर आपण काय करतो? "गप्प बस, पप्पांना सांगू नकोस." "तो आपल्या नात्यातला आहे." "पोरीचे लग्न कसे व्हायचे?" चार वडीलधारी बसतात आणि मिटवून टाकतात. पोक्सोखालील गुन्हा असा आपसात मिटवता येत नाही. जे मिटवायला बसतात, त्यांना गुन्हा माहीत झालेला असतो, म्हणजे कळवण्याचे कर्तव्य त्यांच्यावरही येते.

आणखी एक भीती आहे, ती आपण एकमेकांत कुजबुजत बोलतो. आपण संख्येने थोडे. चर्चच्या माणसाचे नाव आले तर लोक काय म्हणतील? मिशनच्या शाळेचे काय होईल? ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण चर्चचे नाव लेकराच्या पाठीवर उभे करून राखता येत नाही. या लहानांपैकी एकालाही अडखळण करणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेले बरे, या अर्थाचे प्रभू येशूचे शब्द मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात आहेत. प्रभूने तिथे संस्थेच्या नावाची काळजी केलेली नाही. त्याने लेकराला मध्ये उभे केले.

पापनिवेदनाचे गुपित पापी माणसाला देवाकडे परत येता यावे म्हणून आहे. आपण घरात जे गुपित ठेवतो, ते पापी माणसाला पुन्हा पाप करता यावे एवढ्यालाच उपयोगी पडते. दोन्हींना एकच नाव देणे हा त्या पवित्र संस्काराचा अपमान आहे.

७. लेकराने सांगितले तर काय करावे?

१. शांतपणे ऐका. "तू तिथे गेलीसच कशाला?" असे विचारू नका. "तू सांगितलेस, बरे केलेस. तुझी चूक नाही," एवढे म्हणा. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका आणि आरोपीसमोर उभे करू नका.

२. जवळच्या पोलीस ठाण्यात जा, किंवा १०९८ या बाल मदत क्रमांकावर अथवा ११२ वर फोन करा. घटना दुसऱ्या गावात घडली असली तरी तक्रार घेतली पाहिजे. पोलिसांनी माहिती लिहून घेऊन ती तुम्हाला वाचून दाखवायची असते.

३. घटना ताजी असेल तर अंघोळ घालण्याआधी, कपडे धुण्याआधी दवाखान्यात न्या. सरकारी असो वा खासगी, दवाखान्याने उपचार मोफत करायचे आहेत.

४. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी, आईवडिलांच्या किंवा त्याच्या विश्वासातल्या माणसाच्या समोर घेतला जातो. जबाब शक्यतो महिला अधिकारी घेते आणि अधिकारी गणवेशात नसावा असा नियम आहे. बालकाचे नाव, शाळा, पत्ता छापणे हा गुन्हा आहे. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवरही नाव टाकू नका, प्रार्थनेसाठी म्हणूनसुद्धा.

५. "तक्रार खोटी ठरली तर?" ही भीती बाळगू नका. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही, असे कलम १९ मध्येच लिहिले आहे. शिक्षा आहे ती मुद्दाम, बदनामीसाठी खोटी तक्रार करणाऱ्याला.

६. राज्य सरकारची मनोधैर्य योजना अशा बालकांना आर्थिक साहाय्य देते. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणात त्याची चौकशी करा.

७. आरोपी चर्चशी संबंधित असेल, तर बिशपांकडेही तक्रार करा. पण ती पोलिसांतील तक्रारीच्या जोडीने करा, तिच्याऐवजी नव्हे.

आमच्याकडून आम्हीही काही ठरवत आहोत. मुलांचे पापनिवेदन चर्चमध्ये सर्वांना दिसेल अशा जागी व्हावे. जाळी असलेले पापनिवेदनाचे आसन उघड्या जागी असावे, असे ख्रिस्तसभेचा कायदाच सांगतो. धर्मशिक्षण वर्ग, वेदीसेवक, गायनमंडळ यांच्यासोबत एकटा मोठा माणूस न राहता दोघे असावेत. मुलांमध्ये काम करणाऱ्यांची पोलीस पडताळणी व्हावी. २०२० च्या पोक्सो नियमांप्रमाणे मुलांच्या संस्थांना ती करावीच लागते, मग आपण धर्मशिक्षकांनी तरी मागे का राहावे? सुरुवात आमच्या नावांपासून व्हावी अशी विनंती आम्ही फादरांना केली आहे.

घरी आणि प्रार्थनागटात चर्चेसाठी

अ. पापनिवेदनाच्या गुपिताचे बंधन कोणावर आहे आणि कोणावर नाही? आपल्या मुलांना हे सोप्या शब्दांत कसे सांगाल?

आ. फादरांच्या कानावर घातले, म्हणजे आपली जबाबदारी संपते का?

इ. आपल्या घरात लेकराने अवघड गोष्ट सांगावी, असा एक तरी कान आहे का? तो कोणाचा?

त्या दिवशी प्रश्न विचारणाऱ्या माउलीला आता आमचे पूर्ण उत्तर असे: बाई, कन्फेशनमधले फादर कोणालाच सांगणार नाहीत. पण तुझ्या लेकराला बाहेर सांगण्याची पूर्ण मोकळीक आहे, आणि फादर त्याला तसेच करायला सांगतील. ते तुझ्याकडे येईल तेव्हा तू ऐक, आणि आमच्याकडे आलीस तर आम्ही तुझ्यासोबत पोलीस ठाण्यात येऊ.

हे प्रभो, लेकरांना जवळ घेणाऱ्या येशू, आमचे कान उघड आणि आमची भीती काढून टाक. ज्यांनी सोसले त्यांना बरे कर, आणि जिथे बोलायला हवे तिथे आम्हाला गप्प राहू देऊ नकोस. आमेन.

आपले,
धर्मशिक्षण वर्गाचे शिक्षक